बरसीम येईपर्यंत

साळवेबाई घोड्याचं रक्त काढायच्या आधी तबेल्यात भाजी निवडत बसायच्या. हिवाळ्यात मटार, उन्हाळ्यात गवार, एरवी मेथी नाहीतर कोथिंबीर. ज्या शिंगराचं रक्त हवं त्याच्याच ठाणात पालथ्या बादलीवर बसायचं, मांडीवर परात घ्यायची आणि त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. शिंगरू आधी बिचकायचं, कोपऱ्यात जाऊन फुरफुरायचं, मग हळूच जवळ येऊन परात हुंगायचं, एखादी शेंग पळवायचं. बाई चर्चमधलं एखादं मराठी गीत गुणगुणत असायच्या. शेवटी त्या जनावराला बाईंचा चक्क कंटाळा यायचा. मान खाली घालून ते डुलक्या घ्यायला लागलं की बाई उठायच्या, आणि आपल्या मानेवरून कुणीतरी हात फिरवतंय एवढं त्याला कळेपर्यंत नळी भरलेली असायची.

"अगं, घाबरलेल्या घोड्याचं रक्त खोटं बोलतं," त्या मला सांगायच्या. "घोड्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा साठा असतो. जरा धावला, जरा भ्याला, की प्लीहा आक्रसते आणि सगळा साठा रक्तात ओतून देते. मग मरतुकडा घोडासुद्धा रिपोर्टात पहिलवान दिसतो. शांत उभा असेल तेव्हाच खरं काय ते कळतं."

मी माणसांची डॉक्टर. घोडा लग्नाच्या वरातीत बघितलेला, तोही लांबून. नव्वदीच्या मध्यावर मी गुडगावात छोटीशी लॅब टाकली, तेव्हा तिथे एका बाजूला मोहरीची शेतं आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट उभे टॉवर. रस्त्यांना नावं नव्हती, वीज यायची कमी आणि जायची जास्त. एका दुपारी काउंटरवरची रजनी आत आली. "मैडम, एक साल की बच्ची का सैंपल है. नाम चाँदनी. बच्ची साथ में नहीं है."

मी तणतणत बाहेर आले. समोर साठीच्या आतबाहेरच्या एक उंच बाई, सुती साडी, पायात चिखलाचे गमबूट, हातात थर्मास. "बच्ची कहाँ है?" मी विचारलं. "तबेल्यात," त्या बेधडक मराठीत म्हणाल्या, आणि माझ्या दारावरची पाटी वाचून हसल्या. "वैजयंती कुलकर्णी. वाटलंच मला. आता तू माझ्या तावडीतून सुटत नाहीस."

जनावरांची लॅब फार दूर होती, आणि उन्हात रक्त नासायचं. माझं यंत्र माणसाच्या पेशींसाठी बसवलेलं, घोड्याच्या पेशी बारीक, म्हणून त्यांचे नमुने मला सूक्ष्मदर्शकाखाली हाताने मोजावे लागायचे. मी कुरकुर करायची. बाई समोर चहा पीत बसायच्या आणि म्हणायच्या, "मोज बाई मोज, माणसं काय रोजचीच आहेत."

मार्था साळवे. मूळ अहमदनगरच्या, पण वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे वाढल्या पहाडगंजात, शिकल्या तिथल्याच मराठी शाळेत. त्यांचं मराठी नगरचं नव्हतं आणि दिल्लीचंही नव्हतं. "बिल्कुल" आणि "अच्छा" यांशिवाय वाक्य पुरं व्हायचं नाही, आणि संतापल्या की मात्र एकदम शुद्ध मराठी यायचं. त्या काळात घोड्यांची डॉक्टर झालेली बाई म्हणजे लोकांना गंमतच वाटायची. "आधी लोक घोडा बघायचे, मग मला बघायचे, मग पुन्हा घोड्याला विचारायचे, बाबा, तुला चालेल का?" असं त्या सांगायच्या आणि स्वतःच खो खो हसायच्या.

गुडगावच्या पलीकडे एका जुन्या फार्मवर त्या नोकरीला होत्या. तिथे शर्यतीसाठी आणि पोलोसाठी घोडे वाढवत. राहायला फार्मवरच दोन खोल्यांचं क्वार्टर. त्यांच्या मिस्टरांना अर्धांगाचा झटका आलेला. सरकारी घर त्यांच्या निवृत्तीबरोबर गेलं होतं, दुसरं घर नव्हतं. साळवेसाहेब खिडकीशी खाटेवर पडून असायचे, आणि घोडा दिसला की डावा हात उचलायचे. एकुलती एक मुलगी रूथ नगरला शाळेत शिक्षिका.

फार्मचे मोठे मालक होते तोवर ठीक चाललं होतं. ते गेले आणि मुलाच्या हातात कारभार आला. सगळे त्याला बंटीजी म्हणायचे. माणूस दुष्ट नव्हता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मिशा पिळणारा खलनायक डोळ्यांसमोर आणाल. हसतमुख, पाया पडणारा, दिवाळीला सगळ्यांना मिठाईचे डबे पाठवणारा. फक्त त्याला थांबता यायचं नाही. जमिनीला सोन्याचा भाव आला होता. आज हा तुकडा विकला, उद्या तो. शिंगरं मोकळी धावायची त्या कुरणावर सोसायटी उभी राहिली, तिच्या बाल्कन्यांतून लोक खाली बघत चिप्स खायचे. तिन्ही बाजूंनी भिंती आल्या. मग शिंगरांना दोरीला बांधून गोल गोल फिरवायला लागले, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. मी तिथे गेले की मला श्वास कोंडल्यासारखं व्हायचं. बाईंना विचारलं, तुम्हाला नाही का होत? "होतं ना. पण मी जाणार कुठे, मिस्टरांना पाठीवर घेऊन?"

कुरण गेलं तसा चाराही गेला. हिवाळ्यात शेजारच्या गावांतून बरसीम यायचं, ते कोवळं हिरवंगार गवत. नोव्हेंबरपासून पार वसंतापर्यंत तबेला नुसता त्याच्या वासाने भरलेला असायचा. मे-जूनमध्ये मात्र गव्हाचा भुसा. थोडाफार हिरवा चारा मिळायचा तो आधी नरांपुढे टाकत, कारण नराला गिऱ्हाईक लवकर आणि किंमत चांगली. मादी शिंगरांपुढे कोरडं. हा हुकूम कुणी दिलेला नव्हता, घोडे सांभाळणारी सईस मंडळी आपण होऊनच तसं करायची. बाई भडकायच्या. "घरातली रीत तबेल्यात आणलीय मेल्यांनी! पोराला दूध आणि पोरीला चहा!" मला हे पटायला पुस्तकाची गरज नव्हती. माझ्या काउंटरवर रोज एकाच घरातली भावंडं यायची, भावाचं रक्त लालभडक आणि बहिणीचं पांढुरकं, आणि आई म्हणायची, "क्या करें डॉक्टर साहब, ये खाती ही नहीं."

"आकडा कधी एकटा वाचायचा नाही," हे बाईंचं ठरलेलं वाक्य. "त्याला विचारायचं, महिना कुठला? चारा कुठला? तू नर का मादी? वय काय? आणि घेतलं तेव्हा घाबरला होतास का? एवढं सांगितलंस तर मी तुझं ऐकते, नाहीतर गप्प बस." माद्यांचा आकडा थोडा खाली असू शकतो, उन्हाळ्यात सगळ्यांचाच उतरतो, हिरवं मिळालं की वर येतो. यात त्यांना आजार दिसत नव्हता. त्यांना त्यात जून महिना दिसायचा.

एका जूनमध्ये बंटीजीने दिल्लीहून माणसं बोलावली आणि एकाच सकाळी सगळ्या शिंगरांचं रक्त काढायचं ठरवलं. गिऱ्हाईकांना रिपोर्ट दाखवायचे होते. बाई मिस्टरांना इस्पितळात दाखवायला घेऊन गेल्या होत्या. परत येऊन बघतात तर तबेल्यात युद्ध चाललेलं. शिट्ट्या, दोऱ्या, आरडाओरडा. नर शिंगरं पळून पळून घामाने निथळत होती, चार-चार माणसं त्यांना भिंतीशी दाबून सुई मारत होती. माद्यांना तेवढं पळवायची वेळच आली नाही. बाईंच्या हाताखाली वाढलेल्या त्या, विशेषतः चांदणी. तिने सुई बघितली आणि सवयीने मान पुढे केली.

रिपोर्ट आले. नर एकजात पहिलवान, माद्या एकजात फिक्या. सगळ्यांत फिकी चांदणी, कारण सगळ्यांत शांत तीच होती.

बंटीजीने फर्मान काढलं, माद्यांना लोहाच्या इंजेक्शनांचा कोर्स. दर आठवड्याला, पूर्ण उन्हाळाभर. बाईंनी त्याला समजावलं. मी त्या दिवशी तिथेच होते, नमुने घ्यायला गेले होते, म्हणून शब्द न् शब्द आठवतो.

"सर, जून है. सूखा चारा है. लड़कों को दौड़ा-दौड़ाके ख़ून निकाला है, लड़कियाँ खड़ी थीं. ये बीमारी नहीं है. माद्यांना, मतलब लड़कियों को भी हरा दीजिए और थोड़ा रुक जाइए. बरसीम आने दीजिए, फिर ख़ून देखिए, फिर फ़ैसला कीजिए. हाथ जोड़ती हूँ."

आणि खरोखर जोडले हो त्यांनी हात. मला इतकी लाज वाटली की मी दुसरीकडे बघितलं.

"मैडम, आपके पास हर चीज़ का बहाना है," तो हसत म्हणाला. "बरसीम तक बैठा रहूँ मैं? ज़माना देखिए कहाँ जा रहा है. आपसे नहीं होगा तो बोल दीजिए, नया डॉक्टर रख लेते हैं. फिर क्वार्टर भी उसी को देना पड़ेगा ना, आप तो समझती हैं."

तो निघून गेला. खिडकीतून साळवेसाहेबांचा डावा हात वर झालेला दिसत होता, कारण चांदणी समोरून चालली होती.

लोह म्हणजे ताकद, असं आपल्याला वाटतं. पण ज्याला कमी नाही त्याच्या अंगात ते कोंबलं तर बाहेर पडायला वाट नसते. यकृतात साठतं. शिंगरांची यकृतं त्याने निकामी होतात, आणि कधी कधी तर सुई काढायच्या आत जनावर कोसळतं. बाईंनी हे तरुणपणी डोळ्यांनी बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "वैजू, सलाईनच्या बाटल्या कुठून घेतेस गं तू?"

मला कळायला वेळ लागला नाही. त्या उन्हाळ्यात दर आठवड्याला बाईंनी सगळ्या माद्यांना मिठाचं पाणी टोचलं. लोहाचं औषध गडद तपकिरी असतं, ते क्वार्टरमागच्या कडुनिंबाच्या मुळाशी ओतलं. सईसांना फक्त सुई दिसायची, रंगाकडे कोण बघतो! दटावून दटावून थोडा हिरवा चाराही माद्यांपुढे पडू लागला. नोव्हेंबरात बरसीम आलं. डिसेंबरात बाईंनी मटार सोलत सोलत रक्त घेतलं, मी मोजलं. माद्या झकास होत्या. चांदणी तर विचारू नका.

बंटीजी काजूकतलीचा डबा घेऊन धावत आला. "मैडम, कमाल कर दिया आपके इंजेक्शन ने! अब से हर साल, हर बच्चे को. लड़के-लड़की सबको. ये हमारे फार्म का नियम!"

मी बाईंना म्हटलं, "अहो, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तुमचं ऐकलं नाही म्हणून बऱ्या झाल्या, असं सांगू? आणि मिस्टरांना घेऊन झाडाखाली बसू?" मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, "छान अडकले गं बाई मी. स्वतःच्या हाताने दार लावलं आणि आत राहिले."

ती थट्टा नव्हती. आता दर उन्हाळ्यात सगळ्या शिंगरांना इंजेक्शनं आली, आणि ती बाईंनीच द्यायची, कारण दुसऱ्या कुणी दिली तर ती खरी असणार. एक आठवडा रजा म्हणजे एक आठवडा दुसऱ्याची सुई. एप्रिलपासून पाऊस सरेपर्यंत बाई फार्म सोडून कुठे जाईनात. रूथचं बाळंतपण मे महिन्यात होतं. पहिलं. मिस्टरांची सोय झाली होती, त्यांचा एक भाचा येऊन राहणार होता, तिकीटही काढलेलं. बाई गेल्या नाहीत. रूथचा फोन माझ्या लॅबवर यायचा. मी समोर बसलेली, त्यामुळे पलीकडचा आवाजही ऐकू आला. "तुला माझ्यापेक्षा घोडे जवळचे आहेत, आई. एकदाचं सांगून टाक तसं."

बाई म्हणाल्या, "ऊन फार आहे का गं तिकडे? बाळाला जप."

फोन ठेवला आणि नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागल्या. मी चिडले. म्हटलं, निदान मुलीला तरी खरं सांगा. "नको. ती जावयाला सांगेल, तो आणखी कुणाला. माणसांचं काय, आज रुसली उद्या हसतील. शिंगरू मेलं की मेलं." मला हे तेव्हा पटलं नाही, आजही पूर्ण पटत नाही. एका नातवंडाला आजी दिसली नाही, ते काय थोडं झालं? पण बाईंशी वाद घालून कोण जिंकलंय.

अशीच वर्षं गेली. फार्मभोवती मॉल आले, काचेच्या इमारती आल्या. आणि एका पावसाळ्यात साळवेसाहेब गेले. रूथ आली, आठवडाभर राहिली, सामान बांधायला लागली. "आता कशासाठी राहतेस इथे? चल." खरंच होतं. क्वार्टरची गरज संपली होती, आता बाईंना धमकी तरी कशाची द्यायची?

बाई मला म्हणाल्या, "वैजू, गाडी काढ. खरं सांगून मोकळी होते."

बंटीजीचं ऑफिस अशाच एका काचेच्या इमारतीत वर होतं. बाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती. खुर्चीत ताठ बसून त्यांनी सगळं सांगितलं. एक थेंबही लोह दिलं नाही, सगळी वर्षं मिठाचं पाणी, जे सुधारलं ते चाऱ्याने आणि ऋतूने. जेल म्हणाल तर जेल.

बंटीजी इतका हसला, इतका हसला, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मैडम, आप भी ना! कोई बात नहीं. अब असली लगवा देते हैं. सोचिए, पानी से इतना फ़ायदा हुआ, तो दवा से कितना होगा!"

पुढे बाईंनी काय काय समजावलं, सगळं वाया. त्याचा फोन वाजला, मग दुसरा वाजला. शेवटी बाई उठून म्हणाल्या, "ठीक है. असली लगेगा. लेकिन लगाऊँगी मैं ही." त्याने आदराने पायांना हात लावला.

गाडीत बसल्यावर बाई म्हणाल्या, "खरं बोलून पण बघितलं गं. त्याने तर कुलूपच लावलं." आणि पदर तोंडात धरून रडल्या. मी त्यांना रडताना तेवढंच एकदा पाहिलं.

रूथ एकटीच परत गेली. जाताना आईशी बोललीसुद्धा नाही. मिठाचं पाणी चालूच राहिलं.

एका मार्चमध्ये बाई दुपारी जेवून जरा पडल्या त्या उठल्याच नाहीत. तबेल्यात बरसीमचे भारे अजून येत होते. पहाडगंजातल्या त्यांच्या जुन्या चर्चमध्ये प्रार्थना झाली. शाळेतल्या मैत्रिणी आल्या होत्या, सईस आले होते, डोक्यावर रुमाल बांधून मागच्या बाकांवर अवघडून बसलेले. रूथ आली होती, लेकीला घेऊन. डोळे कोरडे, ओठ घट्ट मिटलेले.

बंटीजीही आला, आणि खरं सांगते, तो ढसाढसा रडला. बाहेर पायऱ्यांवर माझा हात धरून म्हणाला, "माँ जैसी थीं. डॉक्टर साहब, मैंने सोच लिया है. नया डॉक्टर आ रहा है, अप्रैल से इंजेक्शन वो शुरू करेगा. डोज़ भी डबल. मैडम के नाम पर."

मी घोड्यांची कुणी नाही, माझं त्या तबेल्यावर काही चालत नाही. जे बाईंना इतक्या वर्षांत जमलं नाही ते मी पायरीवर उभी राहून काय करणार होते? आणि तोंडातून आपोआप निघून गेलं. "मैडम की आख़िरी इच्छा थी," मी म्हटलं. "मुझसे बोली थीं. इंजेक्शन बंद कर दो. लड़कियों को भी हरा दो. बरसीम आने तक रुक जाओ, फिर ख़ून देखो, फिर फ़ैसला करो."

बंटीजीने डोळे मिटले. दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "मैडम की आख़िरी इच्छा? तो बात ख़त्म. सुई नहीं लगेगी." त्याने तो शब्द अखेरपर्यंत पाळला, उरलेली जमीन विकून घोडे दुसरीकडे जाईपर्यंत. माणूस दुष्ट नव्हता, म्हटलं ना मी.

तो गाडीकडे गेला. मागे रूथ उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. कसली इंजेक्शनं, आणि आईने उन्हाळ्यात फार्म का सोडला नाही, ते तिला मी तिथेच, चर्चच्या पायरीवर बसून पहिल्यापासून सांगितलं. ती ऐकत राहिली. तिची लेक शेजारी फुलांच्या पाकळ्या वेचत होती.

मग तिने विचारलं, "ती शेवटची इच्छा... आई कधी म्हणाली असं?"

"पहिल्याच वर्षी," मी म्हटलं. "त्यालाच म्हणाली होती."